आठशेचे ब्रेक

मारुती ८०० बनायची जानेवारी २०१४मध्ये थांबली, पण वाई-साताऱ्याच्या बाजूला ती अजून रोजच्या कामाला आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, बारा इंची चाकं. एवढीशी गाडी थांबवायला असं काय लागतंय, असं सपाटीवर वाटतं. घाटात हिशेब बदलतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी बाराशे मीटरांहून जास्त खाली येते. माणसं-सामान धरून हजार किलो वजन घेतलं, तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगातली गाडी पन्नासेक वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ऊर्जा त्या उतारात जिरवावी लागते. थोडी इंजिन खातं, थोडी हवा. बाकीची पॅड, डिस्क आणि ड्रम तापवते.

वाईच्या एका गॅरेजात मी जिचं काम जवळून पाहिलं, ती ८०० एका निवृत्त गुरुजींची. १९९६चं मॉडेल, बूस्टर कंपनीतूनच नाही. लेक महाडला दिलेली, त्यामुळे हा उतार ठरलेलाच. तक्रार अशी, की ब्रेक लावायचा म्हणजे पेडलवर जवळजवळ उभं राहावं लागतं, आणि आता गुडघे तसे राहिले नाहीत. पुण्याच्या पुतण्याने फोनवरून उपाय सांगून ठेवला होता : तेरा इंची अलॉय आणि मोठ्या डिस्क.

“गुरुजी, आधी आहेत ते ब्रेक चालतात का बघू,” मेस्त्री म्हणाले, आणि जॅक लावला.

पुतण्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मोठी डिस्क उष्णता जास्त पचवते आणि चाकाला धरायला तिला लांब हात मिळतो. पण बारा इंची रिममध्ये ती मावत नाही, म्हणून चाक बदला. १४५/७० आर १२च्या जागी १५५/६५ आर १३ घातलं की टायरचा व्यास जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढतो आणि डिस्कने कमावलेल्यातलं तेवढं हातचं जातं. मोठा कॅलिपर ऑइलही जास्त मागतो. मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर पेडल खोल जातं. शिवाय पुढचा ब्रेक तगडा केला आणि मागचा होता तसाच राहिला, तर कंपनीने दोहोंत राखलेला तोल बिघडतो. या गाडीला एबीएस नाही. आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून. जोरात ब्रेक मारून चाकं जाम होत असतील, तर तिथून पुढचं सगळं टायरच्या हातात. मोठी डिस्क एकदम थांबायचं अंतर कमी करत नाही. मला विचाराल तर छोट्या गाडीला मोठी डिस्क ही बरीचशी रिमच्या फटीतून दिसावी म्हणून असते.

पुढचं डावं चाक निघालं आणि निम्मं निदान तिथेच झालं. मेस्त्रींनी दोन्ही पॅड काढून शेजारी-शेजारी ठेवले. बाहेरच्याचं मटेरियल बऱ्यापैकी शिल्लक, आतलं पत्र्याला टेकायला आलेलं. या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आतून. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजल्या की सरकणं बंद, आणि एकटा आतला पॅड झिजत राहतो. पोऱ्याने पिना पॉलिश पेपरने घासून उष्णता सोसणारं ग्रीस लावलं. मेस्त्रींनी डिस्कच्या कडेवरून नख फिरवलं, काठ अडकला. व्हर्नियर लावून जाडी पाहिली. टर्निंग केल्यावर किमान मापाखाली गेली असती, म्हणून नवी घेतली. त्याच मापाची.

मागचे ड्रम हातोडीशिवाय निघाले नाहीत. पोऱ्या सवयीने कंप्रेसरची नळी घेऊन धूळ उडवायला निघाला, तेव्हा मात्र मी मध्ये बोललो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ छातीत जाऊन बसते. मेस्त्रींनी मान हलवली आणि ओलं फडकं दिलं. आत उजव्या व्हील सिलिंडरचा रबर बूट उचलताच खाली ऑइलचा ओलावा. लायनर त्यातच भिजलेला. असा लायनर धुऊन परत बसवणारे आहेत. इथे दोन्ही बाजूंचे बदलले, सिलिंडरही.

मग बूस्टर. पुढच्या काळातल्या ८००चा बूस्टर आणि त्याच्या जोडीचा मास्टर सिलिंडर. इंजिन हवा आत खेचतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये जो व्हॅक्यूम तयार होतो, त्यावर हा डबा चालतो आणि पायाच्या जोरात भर घालतो. नाजूक काम आतल्या दांड्याच्या मापाचं. दांडा जरासा लांब राहिला तर मास्टरचा पिस्टन पुरता मागे येत नाही, ऑइल टाकीत परतायचं भोक झाकलेलं राहतं, आणि पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतात. मेस्त्रींनी माप घेतलं, नट अर्धा आटा फिरवला, पुन्हा माप घेतलं. एरवी तोंड चालू असलेला हा माणूस तेवढ्यापुरता गप्प होता.

जुनं ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवंकोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती हद्द १४० अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात उकळलं तर वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीला टेकतं. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून डॉट ४ भरलं. घाटासाठी यापेक्षा स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

एअर काढायला गुरुजी स्वतः सीटवर बसले. “मारा… मारा… धरा!” खालून आवाज. पेडल धरलं की निपल सैल, पारदर्शक नळीतून बुडबुडे, निपल बंद, मगच पाय वर. बंद करायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. टाकीतली पातळी उतरू न देणं ही पोऱ्याची जबाबदारी.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबलं, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारला. पेडल बोटभर खाली बसलं, म्हणजे बूस्टर लागला. त्यावरून मेस्त्रींनी गुरुजींना बजावलं, “आता उताराला गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. दोन-तीनदा ब्रेक मारला की व्हॅक्यूम संपतो. मग पेडल दगड.”

“पेट्रोल वाचतं हो,” गुरुजी म्हणाले.

“वाचू द्या कुणाचं तरी. तुम्ही सेकंडमध्ये उतरा.”

टायरवरून थोडी घासाघीस झाली. कडेला छापलेला चार आकडी कोड १४१५, म्हणजे २०१५चा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत, रबर मात्र वाळलेलं. गुरुजींना चार नवे टायर जड वाटत होते, पण मेस्त्री हटले नाहीत आणि एकूण बिलात मोठा आकडा टायरांचाच झाला.

नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर साठाच्या वेगातून पंधरा-वीसपर्यंत, न थांबता, पुन्हा पुन्हा ब्रेक लावला आणि गाडी थंड होऊ दिली. मग पसरणी घाट चढून उतरलो. खाली आल्यावर मेस्त्रींनी चारही रिमांजवळ हात धरून पाहिला. पुढची दोन्ही सारखी गरम. मागचं उजवं कोमट, डावं मात्र हात ठेवू देईना. शू जास्त घट्ट बसला होता. पुन्हा जॅक लागला, ॲडजस्टर एक दात मागे घेतला, आणि चाक हाताने मोकळं फिरल्यावरच गुरुजींच्या हातात किल्ली पडली.