गुहा कोठे आढळतात?

‘गुहा’ हा शब्द वाचताच तुमच्या मनात अजिंठा, वेरूळ किंवा कार्ले उभे राहिले असेल. ते स्वाभाविक आहे. परंतु ती लेणी आहेत, म्हणजे माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. ‘लेणे’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘लयन’, म्हणजे निवासस्थान, या शब्दात सांगितले जाते. भारतातील बहुसंख्य लेणी महाराष्ट्रात असली, तरी मैलोगणती पसरलेल्या नैसर्गिक गुहा मात्र आपल्याकडे नाहीत. असे का व्हावे?

उत्तर कदाचित तुमच्या घरातच सापडेल. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला, तर तेथे पांढरट डाग पडतो आणि घासूनही तो जात नाही. पाट्याच्या काळ्या दगडावर मात्र तसे काही घडत नाही. शहाबादी फरशी हा चुनखडक आहे आणि आम्लाच्या स्पर्शाने तो झिजतो. पाट्याचा काळा दगड बहुधा बेसाल्ट असतो. सह्याद्री आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या याच खडकाचा आहे.

निसर्गात लिंबाच्या रसाचे काम पावसाचे पाणी करते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात थोड्या प्रमाणात विरघळतो. पण खरी भर पडते ती मातीत. झाडांची मुळे आणि कुजणारा पालापाचोळा यांमुळे मातीतील हवेत या वायूचे प्रमाण पुष्कळ असते. त्यातून पाझरणारे पाणी सौम्य कार्बनिक आम्ल बनते, चुनखडकाच्या फटींत शिरते आणि खडकातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून सोबत नेते. फट रुंदावली की अधिक पाणी येते आणि अधिक पाणी आले की ती आणखी रुंदावते. हजारो-लाखो वर्षांनी तिचे भुयार होते. पुढे पाण्याची पातळी खाली गेली की भुयारात हवा खेळू लागते. छतावरून ठिबकणाऱ्या थेंबातील वायू तेव्हा निसटतो आणि विरघळलेला चुना पुन्हा घनरूप होतो. छतापासून लोंबणारे आणि जमिनीवरून वर वाढणारे लवणस्तंभ असेच घडतात. शंभर वर्षांत त्यांची वाढ अनेकदा जेमतेम सेंटिमीटरभर होते.

म्हणजे गुहांसाठी चुनखडक, भरपूर पाणी आणि दाट वनस्पती असा योग जुळून यावा लागतो. भारतात तो मेघालयात जुळला आहे. मेघालय पठाराच्या दक्षिण कडेला चुनखडकाचे थर आहेत आणि त्याच कडेवरील मौसिनराम व चेरापुंजी येथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जैंतिया टेकड्यांतील ‘क्रेम लियात प्राह’ ही गुहा ३० किलोमीटरहून अधिक लांब आहे (खासी भाषेत ‘क्रेम’ म्हणजे गुहा). आंध्र प्रदेशातील बोरा व बेलम आणि बस्तरमधील कुटुमसर या गुहाही चुनखडकातल्याच. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेचे मोजलेले मार्ग ६८० किलोमीटरहून अधिक भरतात. तिच्यावरील वालुकाश्माच्या थराने छपरासारखे काम करून तिला सांभाळले आहे.

बेसाल्टमध्ये गुहा होतच नाहीत, असे मात्र लिहू नका. परीक्षेत ही चूक वारंवार आढळते. वाहता लाव्हा वरून थिजला आणि आतून निघून गेला, तर पोकळ नळी उरते. हवाई बेटावरील काझुमुरा ही अशीच गुहा आहे. समुद्राच्या लाटाही कड्यांत गुहा कोरतात. परंतु या गुहा पाण्यात खडक विरघळून झालेल्या नाहीत.

ज्या खडकामुळे गुहा होतात, तोच सिमेंटचा कच्चा माल आहे, हेही लक्षात घ्या. पूर्व जैंतिया हिल्स जिल्ह्यातील लुमश्नाँग परिसरात लांबच लांब गुहा आहेत आणि सिमेंटचे कारखानेही आहेत. खाणीत डोंगर फुटला, तर भुयार जातेच. शिवाय त्यातून वाहणाऱ्या झऱ्याची वाटही बदलते. अशा प्रदेशात पाणी मातीतून हळूहळू गाळले न जाता रुंद भुयारांतून थेट वाहते. त्यामुळे वरच्या गावाने विवरात टाकलेली घाण काही दिवसांत, कधी काही तासांतच, खालच्या गावाच्या झऱ्यात उतरू शकते.