नळाचे पाणी आणि घरातील गाळणे

पंचगंगेच्या काठी वसलेल्या इचलकरंजी शहरात पाण्याची वेळ घड्याळापेक्षा दिनदर्शिकेवर अधिक अवलंबून असते. नळ रोज येत नाही. मध्ये काही दिवसांचे अंतर पडते आणि उन्हाळ्यात किंवा जलवाहिनी फुटल्यावर ते आणखी वाढते. नळ सुटण्याच्या दिवशी घरातील पिंपे, घागरी, कळश्या धुऊन ठेवल्या जातात. पहिले गढूळ पाणी मोरीत सोडून दिले जाते आणि मग नळाच्या तोंडाशी स्वच्छ फडके धरून पिण्याचे पाणी भरले जाते. जैन घरांत हे फडके पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. गावातील विहिरी बुजल्या, रहाट गेले, आडावर जाणाऱ्या सासुरवाशिणी आजी-पणजी होऊन गेल्या, तरी गाळणे मात्र राहिले.

या गाळण्यातून काय अडते आणि काय निसटून जाते, हा प्रश्न २०१२ च्या उन्हाळ्यात या शहरासमोर अतिशय क्रूर रीतीने उभा राहिला. त्या वर्षी मे-जूनमध्ये इचलकरंजीत काविळीची साथ पसरली. आजार होता ‘हेपॅटायटिस ई’ या विषाणूमुळे होणारी कावीळ, आणि तो घरोघर पोहोचला पिण्याच्या पाण्यातून. हजारो माणसे आजारी पडली, काहींना प्राण गमवावे लागले. यंत्रमागाच्या खडखडाटासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात त्या दिवसांत दवाखान्यांपुढील रांगा हाच चर्चेचा विषय झाला होता. सूत आणि कापडाच्या पेढ्यांवर भावताव थांबले नव्हते, पण समोर आलेल्या माणसाच्या डोळ्यांचा रंग प्रथम पाहिला जाई.

हा विषाणू आपल्या देशाला नवा नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा पूर ओसरला, नदीचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी उलटे वाहत वजीराबाद येथील उपसाकेंद्रापाशी आले. जलशुद्धीकरण केंद्रातील अधिकाऱ्यांना धोका कळला होता. त्यांनी तुरटी आणि क्लोरिनची मात्रा वाढवली. त्याचा परिणाम असा झाला की विषमज्वर, अतिसार यांसारखे जिवाणूजन्य रोग वाढले नाहीत. परंतु काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू तरला. त्या काळी या विषाणूला नावही नव्हते. त्याची वेगळी ओळख पटायला १९८० चे दशक उजाडावे लागले. मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अंश स्वतः प्राशन करून, स्वतः आजारी पडून, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दिल्लीचा धडा असा की नदी जेव्हा अतिशय मलिन होते, तेव्हा नेहमीचे शुद्धीकरण पुरेसे पडेलच असे नाही.

पंचगंगेची अवस्था नेमकी काय आहे, हे कोल्हापूर परिसरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. प्रयाग चिखली येथे उगम पावलेली ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. अंतर फार मोठे नाही, पण तेवढ्या प्रवासात तिला कोल्हापूर शहराचे नाले, काठावरील गावांचे सांडपाणी, कारखाने आणि कापड प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी असे बरेच काही पोटात घ्यावे लागते. उन्हाळ्यात धरणातून सोडलेल्या पाण्यावरच तिचा प्रवाह टिकतो. आवर्तन लांबले की बंधाऱ्यांमागे पाणी साचून राहते, त्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, आणि कधीकधी मेलेले मासे काठाला लागतात. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. शहरासाठी मजरेवाडी येथून कृष्णेचे पाणी आणणारी योजना आहे, पण तिच्या लांब जलवाहिनीला वारंवार गळती लागते. वारणेचे पाणी आणण्याचा बेत दानोळीच्या विरोधाने अडला, दूधगंगेचा सुळकूड येथील बेत कागलकडील गावांच्या विरोधात अडकला. शेतीचे पाणी जाईल ही त्या गावांची भीती खोटी म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये इचलकरंजी महानगरपालिका झाली. नळाचा प्रश्न मात्र पाटी बदलल्याने बदलला नाही.

पाणी केंद्रात शुद्ध झाले तरी ते घरात शुद्ध पोहोचते असे समजणे ही मोठी चूक होय. चोवीस तास दाबाने भरलेल्या नळीला भोक पडले तर पाणी बाहेर येते. पण नळी जेव्हा दोन-तीन दिवस रिकामी असते, तेव्हा त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत शिरते. गल्लीत जलवाहिनी आणि सांडपाण्याची गटार यांच्यात हातभराचे अंतर असते, कुठे तर नळी गटारातूनच गेलेली असते. पाणी सुटताच प्रत्येक घर विजेची मोटर थेट नळाला लावते आणि नळीतील पाणी ओढून घेते. ही ओढ गटारातील पाण्यालाही आत खेचते. शेजाऱ्याच्या आधी आपली टाकी भरावी म्हणून लावलेली मोटर, अशा रीतीने शेजाऱ्याचीच नव्हे तर आपलीही घाण आपल्याच टाकीत आणून सोडते. या बाबतीत मोठ्या बंगल्यांचा आणि चाळीचा दोष सारखाच आहे, फक्त मोटरची अश्वशक्ती वेगळी.

येथे गाळण्याकडे परत यावे लागते. दिगंबर परंपरेत गाळण्याचे कापड छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, दुहेरी घडीचे आणि सूर्यप्रकाश आरपार दिसू नये इतके जाड असावे असा दंडक आहे. त्यामागे सूक्ष्म त्रसजीवांविषयीची करुणा आहे, आरोग्याचा हिशेब नाही. तरी आरोग्यालाही त्याचा लाभ होतो हे आधुनिक संशोधनाने दाखविले आहे. बांगलादेशातील मतलब भागात रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील स्त्रियांना जुन्या साडीच्या चार घड्या करून तळ्याचे, नदीचे पाणी गाळावयास शिकवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. पटकीचे जिवाणू पाण्यातील सूक्ष्म प्लवकजीवांना चिकटून असतात. कापडात ते जीव अडकले की जिवाणूंची मोठी संख्या त्यांच्यासह अडते. आजीने धरलेल्या फडक्याला विज्ञानाने दिलेली ही साक्ष आहे.

तथापि साक्ष पूर्ण वाचायला हवी. चार घड्यांच्या साडीतून सुमारे २० मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडतात. हेपॅटायटिस ईचा विषाणू मिलिमीटरच्या तीस हजाराव्या भागाइतका, म्हणजे त्या छिद्राच्या मानाने शेकडो पटींनी लहान. तो कितीही घड्यांच्या कापडातून सहज जातो. शिवाय नळाला कायमचे बांधून ठेवलेले ओलसर फडके, जे आठवडा आठवडा बदलले जात नाही, ते स्वतःच घाणीचे घर होते. विहिरीच्या काळी गाळून उरलेली जिवाणी पुन्हा त्याच जलाशयात सोडली जाई आणि गाळणे तेथेच पिळून, धुऊन वाळवले जाई. नळाच्या काळात जिवाणी कोठे सोडावी हाच प्रश्न उरला, आणि तो सुटत नाही म्हणून असेल कदाचित, फडके नळालाच लटकत राहिले.

विषाणूवर खात्रीचा उपाय परंपरेच्या दुसऱ्या आचारात आहे, आणि तो म्हणजे पाणी उकळणे. पाण्याला खळखळून उकळी फुटून एक मिनिट राहिली तरी पिण्याच्या पाण्यातील रोगकारक जिवाणू आणि विषाणू निष्प्रभ होतात. मुनिजनांच्या आहारासाठी आणि व्रताच्या दिवशी असे पाणी घरोघर होते; वर्षातील इतर दिवशी मात्र नळाचे पाणी गाळून तसेच माठात जाते. उकळलेल्या पाण्याची मर्यादाही शास्त्राने घातली आहे. दिगंबर परंपरेत ती चोवीस तासांची मानतात. श्वेतांबरांत ऋतूनुसार तीन, चार वा पाच प्रहरांची. हिशेब जीवोत्पत्तीचा आहे, तरी व्यवहारातही तो बरोबर बसतो. पाणी उकळले की त्यातील क्लोरिन उडून जाते. त्यानंतर ते पाणी पूर्ण निराधार असते. कोणी हात बुडवला, झाकण उघडे राहिले, तर संरक्षण करणारे त्यात काहीच उरत नाही. म्हणून लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी असलेले भांडे, आणि रोजचे पाणी रोज.

उपकरणांचा उल्लेख करायचा तर आरओ यंत्राने विरघळलेले क्षार कमी होतात, म्हणून क्षारयुक्त कूपनलिकेच्या पाण्यासाठी ते उपयोगी. नदीच्या गोड पाण्यासाठी ते लावणे म्हणजे बरेचसे पाणी मोरीत सोडणे होय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, ज्या ठिकाणी विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आरओ वापरू नये, असा आदेश दिला होता. अतिनील किरणांचे यंत्र विषाणूंना मारते, पण पाणी गढूळ असेल तर किरण आत पोहोचत नाहीत. दुकानात येणाऱ्या थंड पाण्याच्या जारविषयी तर एवढेच पुरे की झाकणाला सील नसेल, तर आत कोणत्या नळाचे वा विहिरीचे पाणी आहे हे सांगणारा कोणीही नाही.

काविळीच्या साथीत सर्वांत मोठी किंमत गर्भवती स्त्रिया देतात. धडधाकट माणूस या काविळीतून बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाते. डोहाळजेवणाची तयारी चाललेल्या घरात इतर सर्व पथ्ये पाळली जातात, पाण्याची चौकशी मात्र क्वचितच होते. आणि या आजाराची आणखी एक दगलबाज बाजू आहे. दूषित पाणी पोटात गेल्यापासून लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. डोळे पिवळे झाले म्हणून आज पाण्याचा नमुना तपासला, तर जे पाणी प्यायल्याने आजार झाला ते कधीच वाहून गेलेले असते. नमुना निर्दोष आला म्हणून महिन्यापूर्वीचे पाणी निर्दोष ठरत नाही. त्यामुळे तपासणी साथ आल्यावर नव्हे, नित्य व्हावी लागते.

ही तपासणी कठीण नाही. भारतीय मानक १०५०० नुसार नळाच्या पाण्यात घरापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेले असावे. विषाणूपासून संरक्षण हवे असेल तेथे ०.५. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू एकही असू नये. क्लोरिन मिसळल्यावर निदान अर्धा तास संपर्क मिळायला हवा. आरोग्य कर्मचारी ज्याला ओटी चाचणी म्हणतात त्यात पाण्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे, पांढरे राहिले तर नाही. ते औषध घातक समजले गेल्याने आता अनेक ठिकाणी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी वापरतात. ती किट बाजारात मिळते. पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत आणि पुन्हा शेवटी, असे दोनदा पाहावे. जलवाहिनीच्या शेवटच्या घराचे पाणी आवर्जून पाहावे, कारण टाकीजवळच्या घरी क्लोरिन पुरेसे असते आणि शेवटच्या गल्लीत ते संपलेले असते. शेवटच्या गल्लीत बहुधा मागावर काम करणारी, परगावाहून आलेली माणसे राहतात.

आपला समाज उन्हाळ्यात चौकाचौकात पाणपोया उघडतो. रांजणाला ओले फडके, शेजारी गाळणे, झाकण, ओगराळे, सेवेकरी, सगळे असते. पाणी मात्र टँकरचे किंवा तेवढ्यात सुटलेल्या नळाचे असते. ते उकळणे शक्य नसले तरी विश्वासू ठिकाणाहून भरणे, टाकीत क्लोरिनच्या गोळ्या योग्य प्रमाणात टाकून अर्धा तास थांबणे आणि रांजणाजवळ गुलाबी रंगाची चाचणी ठेवणे अशक्य नाही. पंचकल्याणक पूजा, चातुर्मासातील प्रवचने, विवाह, अशा प्रत्येक ठिकाणी शेकडो माणसे एकाच टाकीचे पाणी पितात. तेथे भोजनाच्या शुद्धतेसाठी जेवढी काळजी घेतली जाते तेवढी पाण्याच्या टाकीची झाकणे उघडून पाहण्यासाठी घेतली जात नाही.

पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे रोजच्या क्लोरिन नोंदी असतात. त्या मागता येतात. माहिती अधिकाराच्या अर्जाने तर निश्चितच मागता येतात. एका पेढीवर सूताच्या प्रत्येक गाठोड्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाला या नोंदी वाचणे मुळीच अवघड नाही. कोणत्या तारखेला रकाना कोरा आहे, कोणत्या वॉर्डात आकडा दर दिवशी अगदी सारखाच लिहिला आहे, हे त्याच्या डोळ्यांना दोन मिनिटांत कळेल. गल्लीतील चार दुकानदारांनी मिळून एक किट घेतली, पाणी सुटण्याच्या दिवशी शेवटच्या घराच्या नळाखाली काचेची नळी धरली आणि त्यात उतरलेला रंग एका वहीत तारखेसह लिहून ठेवला, तर वर्षाअखेर ती वही वॉर्डाच्या बैठकीत पुढे ठेवता येते. जिथे रंग उतरला नाही अशा तारखा सलग आल्या तर त्याच भागात जलवाहिनी उकरून पाहावी लागते.