बर्फावर पुन्हा रुजू होताना

१० मे १९७० रोजी बोस्टनच्या बर्फाळ क्रीडांगणावर, आइस हॉकीच्या सामन्यात, जादा वेळेची चाळीस सेकंदे सरतात न सरतात तोच, डेरेक सँडरसनने जाळ्यालगतच्या कोपऱ्यातून सरकविलेली रबरी चकती बॉबी ऑरने जाळ्यात धाडली आणि तो हात पसरून हवेत झेपावला. त्या क्षणाच्या छायाचित्रात सर्वांची दृष्टी ऑरवर खिळते. मला मात्र ओढ लागते ती चकती देणाऱ्याची.

१९७२ साली फिलाडेल्फियाच्या नव्या संघाने सँडरसनशी २६ लाख ५० हजार डॉलरांचा करारनामा केला. पाठीच्या दुखापतीमुळे जेमतेम ८ सामने खेळलेल्या या तरुणाला मालकांनी १० लाख देऊन मोकळे केले, आणि तो जुन्या बोस्टन संघात पुन्हा रुजू झाला. परंतु यादीत नाव चढणे निराळे आणि देह पूर्ववत होणे निराळे. दुखावलेल्या शरीराला निद्रा हवी; मद्य तीच मोडते, वेदना झाकते, तोल बिघडविते, आणि बर्फावर तर अवघा देह सुमारे तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पात्यावर तोललेला असतो. सँडरसन बोस्टनमधील एका नाइट क्लबाचा भागीदारही होता. रात्री मद्यात लांबत गेल्या, संघ बदलत गेले, पैसा सरला, पुढे खुब्याची हाडे निकामी होऊन कुबड्या आल्या.

त्याला दोष देणे मला जमत नाही. सव्विसाव्या वर्षी एवढी रक्कम पचविणे कितीजणांना साधले असते? अखेर मद्य सोडून त्याने तरुण खेळाडूंना मिळकत कशी सांभाळावी हे सांगण्याचे काम पत्करले.