सहा नांगर, दोन वर्षे

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले सहा लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे लागली. विसावे शतक नुकते उजाडले होते, कारखाना बेळगावात होता आणि लोखंडाने जमिनीत विष भिनते असे शेतकरी मानत होते. हा किस्सा बहुतेक वेळा शेतकऱ्यांच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही.

लाकडी नांगर गावचा सुतार करून देई. मोडला तर तोच दुरुस्त करी आणि मोबदला सुगीला बलुत्यात घेई. लोखंडी नांगराला रोकड हवी, खोल जायचे तर बैलांच्या जोड्या जास्त हव्यात आणि ऐन नांगरटीत काही तुटले तर जायचे कुणाकडे? शेतकरी विषाचे नाव घेत होता, पण डावावर त्याचा अख्खा हंगाम होता. नवी वस्तू घेऊन बाजारात उतरणाऱ्या प्रत्येक लहान उद्योजकाने इथे थोडे थांबावे. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणते तेव्हा त्या नकारामागचा हिशेब समजून घेणे हे मार्केटिंगचे पहिले काम आहे. लोगो, पॅकिंग, इन्स्टाग्रामचे पान यांची पाळी नंतरची.

किर्लोस्कर बंधूंचा आधीचा धंदा या दृष्टीने फार बोलका आहे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. ते तिथून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. पण ज्याने आयुष्यात कधी सायकलवर टांग टाकलेली नाही, तो ती घेईल कशाला? म्हणून रामूअण्णा सायकल चालवायलाही शिकवत. मला यात ब्रँडिंगचा गाभा दिसतो. वस्तू हातात पडल्यावर गिऱ्हाइकाची जी पंचाईत होणार आहे, ती दुकानदाराने आधीच ओळखली होती आणि आपल्या अंगावर घेतली होती. नांगराच्या बाबतीत एक गोष्ट तर आपोआप मदतीला येते: हरळी-कुंद्याने धरलेले काळे रान पालथे पडले, की ते शेजाऱ्याला बांधावरूनच दिसते. अशी, न बोलता पटणारी जागा प्रत्येक मालात शोधावी लागते.

१९१० मध्ये औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ कारखान्यासाठी जागा दिली आणि माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकला शिकलेले पुतणे शंकरराव तिथे आले, त्यांनी जाहिरातीचे काम हाती घेतले आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. सुरुवातीला ते कारखान्याचे वार्तापत्र होते. हळूहळू त्यात वाचकाला घरी ठेवावासा वाटेल असा मजकूर वाढत गेला. १९२९ मध्ये त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले, पुढच्या वर्षी ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. ज्या घरांना नांगराशी काही देणेघेणे नव्हते, त्या घरांतही कारखान्याचे नाव आदराने पोचले. इतके मोठे काम सगळ्यांना झेपणार नाही, हे खरे. पण गिऱ्हाइकाच्या कामाचे काहीतरी नेमाने देत राहणे कुणालाही जमते.

आजचेच उदाहरण घ्या: गावोगाव लाकडी घाण्याचे तेल निघते आहे. माल चांगला असूनही कितीतरी जण भावापाशी अडतात. कारखान्याच्या तेलापेक्षा हे महाग का, असे गिऱ्हाईक विचारते आणि उत्तर म्हणून त्याला ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ असे शब्द मिळतात. हे शब्द प्रत्येक बाटलीवर असतात, त्यामुळे त्यांनी काहीच कळत नाही. एक किलो तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात, हा हिशेब घाण्याशेजारी फळ्यावर लिहावा. त्याखाली आजचा शेंगदाण्याचा भाव लिहावा. तळाशी गाळ बसला तर तो कशाचा, तेल किती दिवस टिकेल आणि उन्हाळ्यात कुठे ठेवायचे, हे बाटलीवर ठळक मराठीत छापावे. गिऱ्हाईक आले की घाणा चालू असताना त्याला आत बोलवावे आणि त्याने आणलेल्या शेंगदाण्यांचे तेल त्याच्या डोळ्यांदेखत काढून द्यावे.