लेखांक १९ : घाम आला का?

मिठाचं आज जमणार नाही. लोणचं, पापड आणि सुकट यांच्यातल्या मिठावर लिहायचं ठरलं होतं. पण मागच्या गुरुवारचा रक्तदाबाच्या गोळ्यांवरचा लेख वाचून वेळवंड खोऱ्यातल्या एका वडिलांची चिठ्ठी आली आणि ती बाजूला ठेवून मिठाकडे वळणं मला जमेना. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला चैत्रात, राब भाजायच्या दिवसांत, पातेरा गोळा करताना विंचू चावला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जी गोळी दिली, तिचं नाव माझ्या लेखात प्रेशरच्या जुन्या गोळ्यांमध्ये आलं होतं. ते विचारतात, 'एवढ्याशा पोराला कुठलं प्रेशर? चुकून तर दिली नाही ना?'

चुकून नाही दिली, दादा. अगदी बरोबर दिली. तुमच्या मुलाला तेव्हा खरोखरच प्रेशर आलेलं असणार, आणि ते कसं आलं हे समजून घेतलं की विंचवाबद्दलचे आपले निम्मे गैरसमज आपोआप जातात.

आपल्याकडे विंचू म्हटलं की माणसं काळ्या, जाडजूड इंगळीला भितात. दिसायला ती भयंकर, चावली की आगही होते, पण जिवावर बेतणारी ती नव्हे. घात करतो तो बोटभर लांबीचा तांबूस विंचू. त्याचे पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी मात्र जाड. दिवसा तो दगडांच्या तालीत, गोवऱ्यांच्या ढिगात, सरपणाखाली, कौलांच्या फटीत दडून असतो. राबासाठी कवळ आणि पातेरा उचलताना, पावसाआधी कौलं चाळताना किंवा दिवाळीच्या सुमारास भाताचे भारे उचलताना हात नेमका त्याच्यावर पडतो. रात्री ज्यांना तो शोधायचाच आहे, त्यांनी अतिनील प्रकाशाची टॉर्च वापरून पाहावी. त्या उजेडात विंचवाचं अंग हिरवट-निळं चमकतं. बांधाच्या दगडांवरून अशी टॉर्च फिरवली, तर आपण किती जणांच्या शेजारात राहतो ते कळतं.

आता प्रेशर. या विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांना स्वस्थ बसू देत नाही. त्यांच्यातले सोडियमचे मार्ग ते उघडेच धरून ठेवतं, आणि मग अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन अशी संप्रेरकं रक्तात लोटली जातात. सगळ्या अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. नदीवरची मोटर चालू आणि शेताकडचा व्हॉल्व्ह बंद, अशी हृदयाची गत होते. रक्तदाब चढतो, मुलाचाही चढतो. हातापायांना रक्त पोचत नाही, ते गार पडतात. हृदय दमलं की रक्तातलं पाणी फुप्फुसांत उतरतं, धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागतो. पूर्वी माणसं दगावायची ती इथे. प्राझोसिन ही गोळी त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते, म्हणजे बंद व्हॉल्व्ह उघडते. ती मुळात रक्तदाबासाठी निघाली. विंचवावरचं औषध म्हणून तिला नाव मिळालं ते आपल्याच उंबऱ्यावर, महाडला.

भोरकरांना वरंधा घाट काही नवा नाही. घाट उतरून महाडकडे निघालं की वाटेत बिरवाडी लागते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं डोळ्यांदेखत मरत होती, आणि पुस्तकात त्यावर नीट काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी रोग्यांच्या खाटेशी बसून लिहून ठेवायला सुरुवात केली : कधी चावला, उलटी किती वाजता झाली, घाम कधी सुटला, नाडी कधी धावली. कोणती लक्षणं पुढचा धोका आधी सांगतात, यावरचं त्यांचं टिपण 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा महाडलाच परतले. आवळलेल्या वाहिन्या सोडवायला आधी त्यांनी नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते थेंबाथेंबाने शिरेतून द्यायचं, मिनिटामिनिटाला प्रेशर बघायचं. खेड्यातल्या दवाखान्याला ते पेलणारं नव्हतं. मग तेच काम तोंडाने घ्यायच्या गोळीने होतं का, हे त्यांनी पाहिलं. प्राझोसिनचा अनुभव 1986 साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. या कामात डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्यांच्या बरोबरीने होत्या. पश्चिम महाराष्ट्रात या गोळीआधीच्या काळात विंचूदंशाच्या गंभीर रोग्यांपैकी 25 ते 30 टक्के जात. गोळी आल्यावर ते प्रमाण एका टक्क्याच्या खाली आलं. 2022 साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट ही, की स्वस्तातली एक गोळी कोणत्याही आडगावच्या आरोग्य केंद्रात ठेवता येते.

चिठ्ठीत आणखी एक वाक्य आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. 'पोरगा फार रडला नाही, म्हणून आम्ही तासभर घरीच थांबलो.'

इथेच बहुतेक घरं फसतात. विंचवाच्या बाबतीत दुखणं आणि धोका यांचा मेळ बसत नाही. चावल्या जागी नुसती आग होते, माणूस ओरडतो, लोळतो, पण अंग कोरडं आणि हातपाय ऊबदार आहेत, अशा रोग्याला बहुधा काही होत नाही. ते दुखणं काही तासांत, फार तर दिवसभरात ओसरतं. विंचू उतरवणाऱ्यांना यश येतं ते अशाच रोग्यांत. मंत्र घातला नसता तरी ती कळ उतरलीच असती. मी त्या माणसांना लबाड म्हणणार नाही. कितीतरी जण मनापासून, पैसा न घेता करतात. पण ज्याच्या अंगात विष भिनतं, तो रोगी पुष्कळदा दुखण्याची फारशी तक्रारच करत नाही. तो गप्प पडतो आणि घामाने भिजतो.

घामाची ही खूण आपल्याकडे जुनीच ओळखीची आहे. एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड गावोगावी होतं. त्यातही विंचू चावल्यावर अंगाला घाम सुटतो. नाथांचा विंचू कामक्रोधाचा आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा, हे खरं. पण घाम त्यांनी पाहिलेला आहे, खऱ्या विंचवाच्या रोग्याचा. चारशेहून अधिक वर्षं आपण ते भारूड ऐकतोय, आणि घरात कुणाला विंचू चावला की पहिला प्रश्न विचारतो, 'फार दुखतंय का?' विचारायला हवं ते 'घाम आला का?'

तो कसा असतो ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. उन्हाचा घाम कपाळावर आणि पाठीवर असतो. हा सर्वांगाला सुटतो : केस पाण्यातून काढल्यासारखे चिकटतात, सदरा पिळता येतो, आणि त्याच वेळी हाताला लागतं ते अंग गार असतं. आपल्या हाताची मागची बाजू रोग्याच्या मांडीवर ठेवा आणि सावकाश खाली न्या. गुडघ्यापाशी ऊब संपते आणि पाऊल दगडासारखं थंड लागतं. बरं व्हायला लागलं की ती ऊब हळूहळू खाली सरकत पावलापर्यंत जाते. डॉक्टरही गोळी लागू पडली का हे पाहताना हातापायांची ऊब तपासतात. उलट्या, तोंडाला सुटलेली लाळ आणि छातीतली धडधड याही खुणा आहेत. आणखी एक खूण आया लाजून सांगत नाहीत, ती मी सांगतो : मुलग्याचं लिंग ताठ होतं आणि तसंच राहतं. यात लपवण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना आधी हेच सांगा.

यातली एक जरी खूण दिसली, तरी उजाडायची वाट पाहायची नाही. मूल लहान असेल तर खुणांचीही वाट नको. तेवढंच विष छोट्या अंगात फार होतं. चावल्यानंतरचे पहिले काही तास कसोटीचे, म्हणून वरवर बरं दिसणाऱ्या मुलालाही डॉक्टर दिवसभर ठेवून घेतात. केळद, पासली किंवा हिर्डोशीकडच्या वाड्यांना हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. 108 ला फोन करा, पण गाडी यायची तोवर रोग्याला चालवू नका. दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. चावल्या जागी गार पाण्याची पट्टी चालेल.

सापाची लस टोचा असा आग्रह दवाखान्यात धरू नका. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरची आहे, विंचवावर तिचा उपयोग नाही. विंचवाची लस वेगळी, ती हाफकिनमध्ये बनते. बावस्करांनी 70 रोग्यांवर केलेली तुलना 2011 साली 'बीएमजे'मध्ये आली. गोळीबरोबर लसही दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत सावरले. नुसत्या गोळीवर तेवढ्या वेळात 35 पैकी 8. म्हणजे लस मिळाली तर उत्तमच. पण ती शोधत पुण्याची वाट धरण्यापेक्षा जवळच्या केंद्रात पहिली गोळी आधी पोटात जाऊ द्या.

चिठ्ठीच्या शेवटी ते विचारतात, 'या गोळ्यांची पट्टी घरात आणून ठेवू का?' नको. ही गोळी कळ थांबवत नाही, त्यामुळे नुसतं दुखत असलेल्या रोग्याला तिचा उपयोग शून्य. शिवाय ती घेऊन माणूस एकदम उभा राहिला तर प्रेशर पडून भोवळ येते. दवाखान्यात रोग्याला आडवं ठेवतात ते यासाठीच. मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि पुढची गोळी कधी द्यायची ते प्रेशर पाहून. त्यापेक्षा एक करा. वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या आत तुमच्या आरोग्य केंद्रात जाऊन प्राझोसिन शिल्लक आहे का ते विचारा, आणि नसेल तर भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. ग्रामसभेतही हा प्रश्न मांडता येतो. मुलाचे हातपाय आता ऊबदार असतील, खेळत असेल, असं धरून चालतो. कसा आहे ते कळवा.

मिठाचं पुढच्या गुरुवारी.