एका व्हिसावर चार शहरे

युरोपच्या प्रवासाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न खर्चाचा असतो, आणि दुसरा, इतक्या देशांच्या परवानग्या काढायच्या कशा, हा. २०२५ साली मी पॅरिस, ब्रुसेल्स, कोलोन आणि स्ट्रासबुर्ग ही चार शहरे नऊ दिवसांत पाहिली. तीन देश झाले, व्हिसा मात्र एकच लागला. हे कसे जमते ते विद्यार्थी मित्रांना सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

लक्झेंबर्ग देशात शेंगेन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार केला, की आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करावयाची. प्रत्यक्ष अंमल १९९५ पासून सुरू झाला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. त्यांपैकी एकाने दिलेला पर्यटन व्हिसा सर्वत्र चालतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे अर्ज करावा. मुक्काम सारखेच असतील तर जेथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. माझ्या आठ रात्रींपैकी पाच फ्रान्समध्ये होत्या, म्हणून मी फ्रान्सचा व्हिसा घेतला.

शहरे निवडताना ती एका फेरीत बसतील असे पाहावे. पॅरिसहून ब्रुसेल्स रेल्वेने सुमारे दीड तास, तेथून कोलोन सुमारे दोन तास. पुढे गाडी बदलून स्ट्रासबुर्ग, आणि तेथून दोन तासांच्या आत परत पॅरिस. गाडी शहराच्या मध्यावर उतरवते. कोलोनला तर स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच १५७ मीटर उंचीचे कॅथेड्रल समोर उभे असते. त्याचे बांधकाम १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पुरे झाले. मधली काही शतके ते अर्धवटच पडून होते. पॅरिसचे नोत्र दाम २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. तेही मला पाहावयास मिळाले.

पण माझ्यासारख्या बेळगावकराचे लक्ष जाते ते पाट्यांकडे. ब्रुसेल्समध्ये रस्त्यांची नावे फ्रेंच आणि डच अशा दोन भाषांत लिहिलेली असतात. हे सहज घडलेले नाही. बेल्जियममध्ये १९६२ च्या कायद्याने भाषासीमा कायम केली, तरी वाद मिटला नाही. ब्रुसेल्सहून कोलोनला जाताना वाटेत लूव्हेन लागते. तेथील जुने विद्यापीठ भाषेच्या वादातून १९६८ मध्ये दुभंगले, आणि फ्रेंच विभागासाठी पुढे वेगळे नवे गाव वसवावे लागले. मराठी आणि कन्नड विभाग एकाच अंकात बांधणाऱ्या आपल्या कॉलेजात ही हकीकत ठाऊक असलेली बरी.

स्ट्रासबुर्गची कथा याहून कठीण. हे शहर १८७१ मध्ये जर्मनीकडे गेले, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि १९४४ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे. एखाद्या आजीबाईने एकाच घरात राहून चार वेळा राज्य बदललेले पाहिले असेल! आज तेथून ट्राम निघते आणि ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीतील केल या गावी जाते. ही सोय २०१७ पासूनची. पुलावर मी खिडकीशी सरसावून बसलो होतो. माझ्या डब्यातील इतर कोणी मान वर करूनही पाहिले नाही. बायामाणसे रिकाम्या पिशव्या घेऊन पलीकडे बाजाराला निघाली होती.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी. सीमा पुसल्या गेल्या असे समजून पासपोर्ट हॉटेलात ठेवू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. उघडलेले दार लोटूनही घेता येते, हे त्या पुलावर उभे राहिले की चांगले समजते.