गाणीं, खेळ आणि इंग्रजी

आपल्या घरांतील मुलास इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगितला म्हणजे त्याची अडचण बहुधा दूर होते. परंतु चंद्रपूर जिल्ह्यांत किंवा १९८२ सालीं त्यांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोलींत, अरण्यांतील जें मूल घरीं गोंडी अगर माडिया बोलतें, त्यास मराठीच मुळीं शाळेंत शिकावी लागते. त्या बोली द्राविड कुळांतल्या. सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली आणि एका अनोळखी भाषेच्या आधारें दुसरी शिकण्याचा प्रसंग त्या मुलावर ओढवला.

अशा एका वर्गाकडून मीं कित्येक महिने शब्दार्थ घोकून घेतले. मुलें खालीं मान घालून बसत. मी त्यांस मंद समजलों, हें आज कबूल केलें पाहिजे. एके दिवशीं त्यांना पटांगणांत नेलें. 'रन' म्हणून मी स्वतः धांवलों, 'स्टॉप' म्हणून थांबलों. मुलें प्रथम हंसलीं, मग धांवलीं. पुढें त्यांच्याच रेला नाचाप्रमाणें रिंगण धरून त्या आज्ञा तालावर म्हटल्या. कांहीं दिवसांनीं वर्गांतील सर्वांत अबोल मुलगी रिंगणाच्या मध्यें येऊन मलाच 'सिट डाउन' म्हणाली. मी निमूटपणें बसलों!

ही युक्ति नवी नव्हे. आपल्या शास्त्रकारांनीं शब्दार्थ कळण्याचें प्रमुख साधन म्हणून 'वृद्धव्यवहार' सांगितला आहे. एक वडील माणूस 'गाय आण' म्हणतो, दुसरा आणतो. मग 'गाय बांध', 'घोडा आण' असे बदल होतात. जवळचें मूल तें पाहून एकेक शब्दाचा अर्थ निवडून घेतें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनींही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आज्ञा ऐकून हालचाल करणें हाच परभाषाशिक्षणाचा आरंभ मानला, आणि मुलास बोलण्याची घाई करूं नये असें सांगितलें.

मात्र तेच हातवारे करीत तीच कविता रोज म्हणणें, हेंही घोकणेंच होय. आज्ञांचा क्रम बदलावा, ओळखीचे शब्द नव्या रीतीनें जोडावे. तेव्हांच अर्थ कळला कीं नाहीं तें उमगतें. वाचनलेखन अर्थात् निराळें शिकवावें लागतें.

आपल्या घरांत आजोबा आहेत, काकू आहेत, चुलत भावंडें आहेत. परवचा झाल्यावर दहा मिनिटें हा खेळ मांडावा. प्रथम आजोबांनीं आज्ञा करावी. नंतर तो मान नातवंडास द्यावा. वडील माणूस आपल्या शब्दावर उठतो-बसतो, हें पाहिलें कीं मुलाची भीड आपोआप मोडते.